दुसऱ्या गिटारचा उशीर

दादा लागोपाठ तिसऱ्या शनिवारी दुकानात आला, तेव्हा दुकानदाराने काही न विचारता स्टूल पुढे सरकवलं आणि गिटारचा अँप्लिफायर चालू केला. गिटारच्या आवाजाला नाना रूपं देणारी यंत्रं तिथे लोखंडी रॅकमध्ये एकावर एक बसवलेली होती, कपाटातल्या खणांसारखी. कुठलं आवाजाला घुमारा द्यायचं, कुठलं प्रतिध्वनी काढायचं, आणि काही नुसतीच दिवे लावून भाव खायची. इतर गिऱ्हाइकं यायची, चार बटणं दाबायची आणि एखादं काखोटीला मारून चालती व्हायची. दादाचं घोडं मात्र तिथेच अडलं होतं.

"तुम्हाला नक्की काय पाहिजे, ते एकदा सांगून टाका," दुकानदार म्हणाला. "घर घेताना लोक एवढ्या चकरा मारत नाहीत."

"मी एकट्याने वाजवलं तरी दोघं वाजवतायत असं वाटलं पाहिजे."

"मग हे काय वाईट आहे? या कामाला याच्यासारखं दुसरं नाही."

ते यंत्र दादाने गेल्या शनिवारीही ऐकलं होतं. वाईट नव्हतंच. पण त्यातली दुसरी गिटार पहिलीच्या पावलावर पाऊल टाकून चालायची, शाळेतल्या कवायतीसारखी.

"ही फार वेळेवर येते," दादा म्हणाला.

दुकानदाराने जन्मभर तक्रारी ऐकल्या होत्या, पण ही त्याला नवीन होती. तो मान हलवत आतल्या खोलीत गेला.

खरं तर दादासारख्या माणसाच्या तोंडी ही तक्रार शोभतच नव्हती. तो चष्म्याच्या काचा घासायचा. नंबरात किंचित फरक पडला तरी भिंग पुन्हा चाकावर चढवायचा, आणि हाच काटेकोरपणा त्याने बँडमध्येही आणला होता. बँड कसला, चार हौशी माणसं. बाटल्यांच्या कारखान्यातला फिटर ड्रम वाजवायचा, गणिताचे मास्तर बेस गिटार धरायचे, आणि पुढे दोघे भाऊ, दादा आणि धाकटा, एकच धून दोन गिटारींवर वाजवायचे. धाकटा जन्माला आला तोच दिवस भरून गेल्यावर, असं आई म्हणायची. शाळेत उशिरा, जेवायला उशिरा, आणि धुनेतही दादाच्या केसभर मागे. लोकांना त्या केसभर मागे राहण्यातच गोडी वाटायची. आवाज त्यामुळे रुंद व्हायचा, भरायचा. दादाला तेवढं सोडून सगळं ऐकू यायचं.

एकदा भर कार्यक्रमात, माइक चालू असताना, तो धाकट्याकडे वळून म्हणाला होता, "आलं का वरातीमागून घोडं?" सगळा हॉल हसला. धाकटाही हसला. मग त्याने गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि तो निघून गेला. त्यानंतर लोक त्याला रस्त्यात भेटले की घोडा म्हणायचे, एवढीच त्या कार्यक्रमाची आठवण मागे राहिली. बँड तिथेच मोडला. आईवडील गेल्यावर घरात दादा एकटा उरला. लग्नाचं राहूनच गेलं होतं. धाकटा आपल्या बायकोला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला.

आता इतक्या वर्षांनी फिटर निवृत्त होत होता आणि निरोपाच्या समारंभात त्याला जुना बँड वाजवायचा होता. "धाकट्याला फोन कर," तो दादाला म्हणाला होता.

"तो यायचा नाही."

"तू विचारलंस?"

"लहान तो आहे. त्याने करावा फोन."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं पुटपुटून फिटरने विषय सोडला. आणि ज्याला फक्त एक नंबर फिरवायचा होता, त्या दादाने तीन शनिवार यंत्रांची बटणं फिरवली.

दुकानदार आतून एक जुना, जड, पत्रा खरवडलेला डबा घेऊन आला. "हा बघा. यात दुसरी गिटार किती मागे ठेवायची, ते हाताने ठरवता येतं. पण आधीच सांगतो, हा एका जागी ठरत नाही. वेळ जरा मागेपुढे हलते. मी तर भंगारात काढणार होतो."

दादाने तार छेडली. नॉब थोडा फिरवला, पुन्हा छेडली, पुन्हा फिरवला. एका ठिकाणी त्याचा हात थांबला आणि तो गिटारवर वाकून बराच वेळ तसाच बसून राहिला. दुकानदाराला वाटलं, हाही पसंत नाही.

"हाच द्या," दादा म्हणाला.

रविवारी दुपारी त्याने तो डबा घरी रॅकमध्ये बसवला. खोलीत दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर कायम इस्त्रीचे कपडे असायचे. ते कपडे त्याने उचलून पलंगावर टाकले, कारण दुसरा अँप ठेवायला जागा हवी होती. एक अँप उजवीकडे आपल्यासाठी, एक डावीकडे, जिथे धाकटा उभा राहायचा. मग त्याने त्यांची जुनी धून वाजवली. डावीकडून कुणीतरी त्याच्याबरोबर वाजवत होतं, केसभर मागे, कधी थोडं जास्त मागे. शेवटचा सूर दादाने हाताने दाबून थांबवला, आणि डावीकडचा सूर त्याच्या नंतर थांबला. अगदी तसाच.

"आलास का?" दादा म्हणाला.

आणि मग आपण एका खुर्चीशी बोलतोय हे कळून त्याला रडू आलं. भाऊ नव्हता म्हणून आलं, दुसरं काही कारण नव्हतं. डोळे पुसून त्याने नॉब जिथे होता तिथे बारीक चिकटपट्टी लावली, हलू नये म्हणून.

समारंभ कारखान्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये होता. टेबलं भिंतीला लावली होती, मधे खुर्च्यांच्या रांगा, पुढे फळ्यांचा मंच. मंचाच्या डाव्या अंगाला एक जाड खांब होता आणि त्याच्याआड दादाने दुसरा अँप आणि रॅक लावला. मास्तरांनी रॅक बघून चष्मा वर केला, आणि हा चष्मा आपणच घासलेला आहे हे दादाला आठवलं.

फिटर काही केल्या सुरू करेना. ड्रमची कातडी आवळ, सैल कर, पुन्हा आवळ. सारखा दाराकडे बघत होता.

"पाच मिनिटं थांबू," तो म्हणाला.

"लोक बसलेत," दादा म्हणाला. "वेळ म्हणजे वेळ."

"थांब रे जरा."

"तुझ्याच निरोपाला तूच उशीर करणार?"

फिटरने त्याच्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग काठ्या उचलल्या.

धून उचलली आणि हॉल गप्प झाला. जुन्या कामगारांनी एकमेकांना कोपराने ढोसलं; त्यांना ती ओळखू आली होती. दोन गिटारी वाजत होत्या, एक पुढे, एक तिच्या मागे रेंगाळत. दादाने इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं. तेवढ्यात हॉलच्या मागचं दार उघडलं. पॅसेजच्या उजेडात धाकटा उभा होता. केस पांढरे झाले होते, आणि खांद्याला गिटारची पिशवी होती.

तो आत आला नाही. मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिला. त्याने दादाकडे बघितलं, मग खांबाकडे. खांबाच्या आड कोण आहे ते तिथून दिसत नव्हतं. दारावरच्या वॉचमनला त्याने वाकून काहीतरी विचारलं, पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला, आणि दार लागलं.

दादाचा एकही सूर चुकला नाही. काच घासणारा हात होता तो. चुकला असता, थांबला असता तर बरं झालं असतं. पण पहिल्या धुनेला दुसरी जोडलेली होती, दुसरीला तिसरी, आणि मधे थांबायची त्याला सवय नव्हती. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तो गिटार गळ्यात तशीच ठेवून वॉचमनकडे धावला.

"आत्ता आले होते, ते काय म्हणाले?"

"दुसरा गिटारवाला कोण, असं विचारलं. मी म्हटलं, आपल्याला काय माहीत, पण दोघं झकास वाजवतायत. तर म्हणाले, हो, झकास. गेले."

मागून फिटर आला होता. "मीच बोलावलं त्याला," तो म्हणाला. "म्हटलं, गिटार घेऊन ये, दादा वाट बघतोय. तुला सांगितलं असतं तर तू मोडता घातला असतास. तो आला की तुझा डबा बंद करायचा, एवढंच होतं."

दादा पॅसेजमध्ये गेला आणि त्याने फोन लावला. प्रत्येक नव्या फोनमध्ये त्याने सगळ्यात आधी हाच नंबर घातला होता, लावला कधी नव्हता.

"बोल," धाकटा म्हणाला. मागे रस्त्याचा आवाज होता.

"परत ये."

"कशाला? आहे की तुझ्याकडे माणूस. माझ्यासारखाच वाजवतो."

"माणूस नाही रे. डबा आहे. मशीन."

"काहीतरी सांगू नकोस. मशीन कधी असं मागे राहतं?"

"मी ठेवलंय तसं. खूप बघितली मशीनं. सगळी वेळेवर यायची. तुझ्याएवढा उशीर करणारं मिळालं, तेव्हा घेतलं."

दादाला वाटलं, हे ऐकून तो हसेल. आपण मनातलं सगळं सांगून टाकलं, असंही त्याला वाटलं.

"डब्याचा उशीर चालला तुला," धाकटा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मग माझा का नाही चालला, दादा?"

दादाकडे उत्तर होतं. तेव्हा मला ऐकूच आलं नाही, असं त्याला म्हणायचं होतं. ते जिभेवर यायला केसभर उशीर झाला.

"बस आली माझी," धाकटा म्हणाला आणि फोन बंद झाला. दादाने पुन्हा लावला. वाजून वाजून थांबला.

आतून मास्तर बोलवायला आले. समारंभाचा उत्तरार्ध राहिला होता, भाषणं झाली की वाजवायचं होतं. दादा मंचावर गेला, खांबाआड वाकला आणि त्याने डब्याचं बटण बंद केलं. फिटरने ते बघितलं आणि आपलं स्टूल ड्रमकडे ओढलं.

पुढची धून दादाने एकट्याने वाजवली. आवाज कोरडा होता, अरुंद होता. लोकांनी आधीच्या इतक्याच टाळ्या वाजवल्या. शेवटचा सूर त्याने दाबून थांबवला आणि सवयीने डावीकडे बघत, मागून येणाऱ्याची वाट बघत उभा राहिला.