हात खाली करू नका

"तुम्ही मला फसवलंत, डॉक्टरसाहेब. गोळीची सवय लागत नाही म्हणालात. तोंडावर म्हणालात, हसत म्हणालात. आणि वर म्हणालात, नाहीच थांबलं तर आणखी एक घ्या, त्यात काय!"

मास्तरांनी टाचणी कॉलरमध्ये खुपसली. पांढरा कोट घातलेल्या लाकडी पुतळ्यानं हूं की चूं केलं नाही.

"त्याला डोकं नाहीये, म्हणून ऐकून घेतोय," मागच्या दारातून बायको म्हणाली.

"ज्याला आहे त्यानं तरी कुठं ऐकलं?"

"अहो, आज डॉक्टरांकडे ट्रायलला जाऊन असलं काही बोलणार नाही ना? अख्ख्या हॉस्पिटलचे कोट आपण शिवतो. पोट त्याच्यावर आहे आपलं."

"आणि पाठ?"

बायकोनं पुतळ्यावरचा कोट उतरवला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि मास्तरांच्या हातात दिला. मग परत काढून घेतला, कारण वाकलेला माणूस गठ्ठा घेऊन आणखी वाकतो.

"मीच येते हॉस्पिटलच्या दारापर्यंत," ती म्हणाली.

दुखणं घरात शिरलं ते शिलाई मशीन एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपाशी हलवताना. कंबरेत काहीतरी सटकलं आणि मास्तर जिथल्या तिथं बसले. मोठ्या डॉक्टरांनी पांढरी गोळी दिली. काय गोळी होती! पहिल्या दिवशी मास्तर शीळ घालत काज करत होते. पण काही काळानं एकीनं भागेना, मग दोनांनी भागेना. पुढं पुढं तर कंबर दुखते म्हणून गोळी हवी, की गोळी हवी म्हणून कंबर दुखते, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं. डॉक्टर मात्र तेच डॉक्टर, आणि हसूही तेच. "दुखतंय ना? मग घ्या की."

एका गिऱ्हाइकाच्या कोटाला मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईक हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या आणि पाणी ओतलं.

मग जे झालं ते सांगायला नको, पण सांगितलंच पाहिजे, कारण कुणी सांगत नाही. अंगातून कुणीतरी एकेक दोरा ओढून काढतंय असं व्हायचं. घामानं गादी भिजायची. पाय जागच्या जागी पळत राहायचे. पोटात काही राहीना. बायको पाणी घेऊन आली, तर त्यांनी भांडं भिंतीवर फेकलं. उभ्या आयुष्यात हात न उगारलेला माणूस स्वतःच्या हाताकडे बघत बसला. तिनं भांडं उचललं आणि त्यांना कंबरेचे व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे नेलं.

"एकदम बंद करायला हा काय नळ आहे का?" बाई खेकसल्या. "जिवावर बेतलं असतं म्हणजे?" त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. डॉक्टरीणबाईंनी गोळीवरून हळूहळू उतरायची वाट आखून दिली. अख्खी गोळी, मग जराशी कमी, मग आणखी जराशी.

कमी करायचं काम बायकोकडे. कापड बेतायच्या टेबलावर ती दोरे कापायच्या ब्लेडनं गोळी कापायची, श्वास रोखून. एकदा ती तुकडा द्यायला वळली, तेवढ्यात मास्तरांनी जिभेनं बोट ओलं केलं आणि ब्लेडवरची पांढरी पूड टिपून घेतली. तिनं बघितलं. ब्लेड धुवायला घेऊन गेली, आणि बराच वेळ धूत राहिली.

शेवटचा तुकडाही आता संपला होता. कंबर मात्र होती तिथंच होती. घरजावयासारखी. जायचं नाव नाही, तेव्हा सांभाळून घ्यायचं. व्यायामाच्या बाईंचा हुकूम होता की एका जागी जास्त वेळ बसायचं नाही. मास्तरांनी त्यावर तोड काढली. मशीनच्या बॉबिनवरचा दोरा संपला की उठायचं, गल्लीच्या टोकापर्यंत चालायचं, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, मग पुन्हा मशीनवर. हल्ली दोरा फार लवकर संपतो, अशी त्यांची कुरकुर होती. बॉबिना बायको भरून ठेवायची. निम्म्याच भरायची. हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण ते दोऱ्याच्या नावानंच ओरडत राहिले.

हॉस्पिटलच्या दारात बायकोनं गठ्ठा त्यांच्या हातात दिला. "ट्रायल घ्या आणि या. जिभेला टाका घालून जा."

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर माणसं दाटीनं बसली होती. कडेला कंबरेला पट्टा बांधलेला एक ड्रायव्हर होता, तरणाबांड. मास्तरांना त्यानं लगेच ओळखलं. कंबरवाले एकमेकांना चालीवरून ओळखतात.

"तुमचीपण कंबर का, मास्तर?" त्यानं खिशातून चांदीसारखी चकाकणारी पट्टी काढून दाखवली. "साहेबांची गोळी घ्या. एकदम फर्स्ट क्लास! आधी एकच घ्यायचो, आता दोन घेतो. गाडी हवेत चालते बघा."

मास्तरांनी तोंड उघडलं. पण आतून हाक आली.

"या मास्तर, या! उरका लवकर, बाहेर गर्दी आहे."

डॉक्टरांनी कोट चढवला. त्यांचा उजवा खांदा पहिल्यापासून जरा उतरता, तो तसाच होता. "हात पसरा," मास्तर म्हणाले. डॉक्टरांनी हात पसरले. मास्तरांनी दोन्ही मुंढ्यांत, काखेपाशी, टाचण्या लावल्या, मग खालची दुमड बघायला गुडघे टेकले. कंबरेतून कळ डोक्यापर्यंत गेली. त्यांनी टेबलाचा पाय धरला.

"अजून दुखतं? गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या."

"का? कशाला उगाच सोसायचं? बक्षीस देणार आहे का कुणी?" डॉक्टर मनापासून म्हणाले. "ती बघा, टेबलावर पट्टी आहे. घेऊन जा. लागेल तेव्हा घ्या."

मास्तर उठले. पट्टी हातात आली. तोंडाला पाणी सुटलं. मनाला कुणी विचारलंच नाही. अंगठा आपणहून फुगवट्यावर गेला. दाबला की कागद फाटणार, एवढंच अंतर राहिलं होतं.

"सवय बिवय लागत नाही हो," डॉक्टर हसून म्हणाले.

अंगठा थांबला.

मास्तरांनी पट्टी डॉक्टरांच्याच नव्या कोटाच्या खिशात सरकवली. सदऱ्याला खोचलेली सुई काढली, तिच्यात दोरा होताच. खिशाच्या तोंडावर त्यांनी लांब लांब कच्चे टाके घालायला घेतले.

"हे काय करताय?"

"नव्या कोटाचे खिसे असेच शिवून देतात, साहेब. घडी मोडत नाही." त्यांनी दोरा दातानं तोडला. सकाळी पुतळ्यापुढं घोकलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं होतं. "एक विचारू? या गोळ्या बंद कशा करायच्या?"

"म्हणजे... हळूहळू कमी करायच्या."

"हळूहळू म्हणजे कसं? केवढा तुकडा? पाय पळायला लागले की काय करायचं? घरच्या माणसावर भांडं फेकलं की काय करायचं?"

डॉक्टरांचं हसू गेलं. मास्तर रागाची वाट बघत होते. राग आला नाही. फळ्यापुढं उभा केलेला पोरगा जसा छताकडे बघतो, तसे डॉक्टर वर बघायला लागले. मास्तरांच्या हातातली सुई खाली आली. फसवलं असतं तर बरं झालं असतं. फसवणाऱ्याला निदान खरं ठाऊक असतं.

"बाहेर पेशंट आहेत, मास्तर," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले आणि हात खाली घ्यायला लागले. लगेच कळवळले.

"हात खाली करू नका. टाचण्या आहेत." मास्तरांनी दार उघडलं. बाकावरचा ड्रायव्हर खोलीत डोकावला, हातात पट्टी, चेहऱ्यावर हसू. "पेशंट आहेत म्हणूनच विचारतोय. याला गोळी सुरू कशी करायची ते सांगितलंत. बंद कशी करायची ते कोण सांगणार? ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा, पण त्याच्या तोंडावर म्हणा. मी थांबतो. सांगा, कोण सांगणार?"