आजोबांचं वटवाघूळ, भिंगरीचा गरुड

मित्रांनो, मी एक जुनं टपाल तिकीट आहे. जुनं म्हणजे किती, तर ज्या राजवटीने मला छापलं ती बुडाली, ज्या जहाजातून मी आलो ते कधीच भंगारात गेलं, आणि मी मात्र अजून आहे. तोही डोक्यावर उभा.

माझा जन्म फ्रेंचांच्या देशातल्या एका छापखान्यात झाला. माझ्या अंगावर एक गरुड आहे, भोवती मोत्यांसारख्या ठिपक्यांचं कडं आहे. एका मोठ्या पत्र्यावर असे पुष्कळ ठसे ओळीने बसवायचे आणि एकदम छापायचे, अशी रीत होती. त्या दिवशी ठसे बसवणाऱ्या कामगाराचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. घरी त्याचं कोणी आजारी असेल. त्याने एक ठसा उलटा बसवला. तो मी. माझा शेजारी नीट पायांवर उभा आणि त्याला चिकटून मी खाली डोकं, वर पाय. आमच्या काळी तिकिटांच्या कडेला भोकं पाडत नसत, कात्रीने कापून सुटी करत. त्यामुळे माझ्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये भिंत अशी नाहीच. एक कोरी पट्टी आहे, बस्स.

आम्हाला समुद्रापलीकडच्या एका बेटावर पाठवलं. ते बेट तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, पुढे लागेल. आमच्यासारखी तिकिटं फ्रेंचांच्या सगळ्या वसाहतींना जायची, चेहरा तोच आणि रंगही तोच. कुठलं तिकीट कुठल्या बेटावर वापरलं, ते कळायचं फक्त शिक्क्यावरून. शिक्का नाही तर गाव नाही.

बेटावरच्या टपाल कचेरीत हवा इतकी दमट होती की आमच्या पाठीचा गोंद आपोआप चिकट व्हायचा. एका साखर व्यापाऱ्याचं जाडजूड पाकीट आलं. त्याला दोन तिकिटं लागणार होती. कारकुनाने कात्री उचलली होती, पण दोन हवीत म्हटल्यावर कशाला कापा, म्हणून त्याने आम्हाला जोडीनेच चिकटवलं आणि धाडकन शिक्का मारला. ठिपक्यांचा चौकट आकार, मध्ये बेटाची तीन अक्षरं. तो बरोबर आमच्या मधल्या पट्टीवर बसला. निम्मी अक्षरं माझ्या अंगावर, निम्मी शेजाऱ्याच्या.

काय ते दिवस होते. पोती, बोट, वादळ, पुन्हा पोती. मी प्रवासासाठीच जन्मलो होतो. मला वाटलं, आता असंच चालणार. पण तिकिटाला एकच प्रवास मिळतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी खोक्यांत राहिलो, खणांत राहिलो, एका दुकानदाराकडे तर 'खराब माल' अशा पाकिटात पडून राहिलो. उलटा छापलेला, म्हणून खराब. तिथून आजोबांनी मला उचललं. भिंगाखाली धरलं, भिंग पुसून पुन्हा धरलं. मग म्हणाले, "अरे लबाडा, इतकी वर्षं कुठे होतास?"

आजोबांचं चष्म्यांचं दुकान. आता ते त्यांचा मुलगा चालवतो, आणि आजोबा दुकानाच्या वरच्या घरात खिडकीजवळच्या टेबलाशी बसून त्या एकाच बेटाची तिकिटं जमवतात. मी त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. मान मोठा, पण मला एका जागी बसवत नाही. पाठीला कागदी पट्टी लावून चिकटवलं आहे म्हणून, नाहीतर केव्हाच उठून गेलो असतो.

त्या घरात माझ्यासारखीच अस्वस्थ अशी आणखी एक व्यक्ती आहे. आजोबांची सून. शिकलेली, हसरी, पण तिचे कान सदैव टवकारलेले. दुसऱ्या खोलीत चमचा पडला तरी ती विचारते, "काय झालं?" आणि काही झालं नाही म्हटलं तर जास्तच घाबरते. तिची मुलगी पाच वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती चालत नाही, फिरते.

भिंगरी आजोबांच्या टेबलाशी यायला लागली, तेव्हा आई दारात उभी राहून नुसतं टेबल बघत होती. आजोबांच्या उजव्या हाताला बेन्झिनची बाटली, तिकिटाच्या कागदातली छुपी जलचिन्हं तपासण्यासाठी. बाटलीजवळ टोकदार चिमटा, आणि ब्लेड.

"बाबा, ही बाटली उघडी असते?"

"झाकण असतं गं."

"झाकण असतं, पण लावलेलं असतं का?"

आजोबांनी झाकण शोधलं. ते वहीखाली सापडलं.

"भिंगरी, इकडे ये," आई म्हणाली. "आजोबांच्या बाजूला अजिबात जायचं नाही. इथे समोर बसायचं, ह्या स्टुलावर. कळलं?"

"सूनबाई, तू तुरुंगावर नोकरीला हवी होतीस," आजोबा म्हणाले.

"तुम्ही हसा. हिच्या पोटात काही गेलं तर धावायचं मला आहे."

अशी भिंगरी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायला लागली. आणि मित्रांनो, माझं नशीब पालटलं. आजोबांना मी उलटा दिसायचो. दुकानदारांना, पाहुण्यांना, भिंगातून डोकावणाऱ्या झाडून सगळ्यांना उलटा दिसायचो. समोर बसणारी भिंगरी ही पहिली, जिला मी सुलटा दिसलो. तिला उलटा दिसायचा तो माझा शेजारी. एवढा सरळ उभा राहून मिरवायचा, तिच्यापुढे त्याची जिरली.

आजोबा तिला शिकवायचे. "ह्यातला एक गरुड आहे आणि दुसरं आहे उलटं टांगलेलं वटवाघूळ. बोल, गरुड कुठल्या हाताला?"

भिंगरी डावा हात वर करायची.

"शाब्बास. आणि वटवाघूळ?"

ती उजवा हात वर करायची. आजोबा खूश. स्वयंपाकघरात आई खूश, पोरीला डावं-उजवं कळतं. दोघांची उत्तरं रोज जुळायची. आजोबांचा डावीकडचा गरुड म्हणजे शेजारी, भिंगरीचा डावीकडचा म्हणजे मी; दोघांचा गरुड वेगळा होता, हे दोघांच्याही ध्यानात येत नव्हतं. मला येत होतं, पण मला तोंड कुठे आहे? आहे ती चोच, तीही छापील.

मग भिंगरी गोष्टींची पुस्तकं घेऊन यायला लागली. पुस्तक टेबलावर ठेवायचं, आजोबांनी समोरून बोट ठेवत वाचायचं, तिने मागून म्हणायचं. अक्षरं तिला भराभर यायला लागली.

आणि एक दिवस आई शाळेतून आली ती चप्पल न काढताच टेबलाशी आली.

"बाबा, बाईंनी बोलावलं होतं. ही पुस्तक उलटं धरते. सरळ दिलं की हिला एक अक्षर ओळखता येत नाही. उलटं करते आणि मग वाचते."

"वाचते ना?"

"उलटं धरून, बाबा. बाई म्हणाल्या, डॉक्टरांना दाखवा. आणि पुढच्या वर्गात घालायचं की नाही, ते बघू म्हणाल्या." तिचा आवाज पातळ झाला होता. "सगळ्यांसमोर नाही म्हणाल्या. बाजूला घेऊन म्हणाल्या. म्हणजे काहीतरी असणारच."

चष्मेवाल्यांचं घर, तेव्हा पहिल्यांदा डोळे तपासले. भिंगरीचा बाप तिला खाली दुकानात घेऊन गेला आणि वर येऊन म्हणाला, "डोळे ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा चांगले."

कुणालाही हायसं वाटलं असतं. आईला नाही. "डोळ्यांत काही नाही, म्हणजे मग कुठे आहे?" असं ती म्हणाली आणि फोनवर शोधत बसली. मी तिचा चेहरा बघत होतो. फोनवर एक आजार वाचायचा, भिंगरीकडे बघायचं, पुढचा आजार वाचायचा.

"मला मात्र हिचं पुस्तक नेहमी सरळच दिसायचं," आजोबा पुटपुटले. पण ते म्हातारे, त्यामुळे ते सुनेची समजूत काढताहेत असंच सगळ्यांना वाटलं. खुद्द आजोबांनाही तसंच वाटलं असावं.

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली. तोवर आईने घरीच सुरुवात केली. भिंगरीच्या हातातलं पुस्तक फिरवायचं. "सरळ धर." भिंगरी पुन्हा फिरवायची. "सरळ, राणी. असं. बघ, कसं छान दिसतं." भिंगरी बघायची आणि पुस्तक मिटून टाकायची. आई ओरडत नव्हती हो, ती नुसती काकुळतीला येत होती, आणि पोरांना ते ओरडण्याहून जड जातं. हळूहळू भिंगरीने पुस्तक उघडणंच सोडलं. टेबलाशी यायची, स्टुलावर बसायची, फिरायची मात्र नाही. ती फिरायची थांबली, ते मला बघवेना. एका जागी चिकटून बसणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.

आता त्या दुपारची गोष्ट.

खाली गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी बसत नव्हती, म्हणून आजोबांना हाक आली. वही उघडी राहिली. आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती. भिंगरी स्टुलावर चढली, तिने वही आपल्याकडे ओढली आणि मला नखाने हळूच सोडवलं. पाठीची पट्टी सुटली. किती वर्षांनी मी हवेत होतो. क्षणभर मला बोटीची आठवण आली. मग मी तिच्या दुसऱ्या हातात कागदकामाची कात्री पाहिली.

"रडू नको हं," ती माझ्या शेजाऱ्याला म्हणाली. "तुला सरळ करते. मग तुला कोणी काही म्हणणार नाही."

मित्रांनो, शेजाऱ्याशी माझं कधी पटलं नाही. इतकी वर्षं त्याचे पाय माझ्या डोक्याशी. पण पात्याचा गार स्पर्श झाला आणि मला कळलं, शिक्का आमच्या दोघांत मिळून एक आहे. फाटलो तर अक्षरं फाटणार. मग मी कुठल्याच बेटाचा नाही, आणि तोही नाही. कात्री मिटली. मधल्या पट्टीत चीर शिरली आणि शिक्क्याच्या पहिल्या ठिपक्यापर्यंत आली.

तेवढ्यात दारात आई.

तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. पण तिने तो आवाज गिळला. हातात कात्री असलेल्या मुलावर ओरडलं की हात दचकतो, हे जिला रात्रंदिवस अशाच गोष्टी सुचतात तिलाच सुचणार. ती हलक्या पावलांनी आली, भिंगरीच्या शेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसली, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काय चाललंय गं?"

"वटवाघळाला सरळ करते. ते उलटं आहे ना."

"हो का? कुठलं वटवाघूळ?"

भिंगरीने कात्रीचं टोक माझ्या शेजाऱ्यावर ठेवलं.

"हे? हा तर गरुड..." आई म्हणाली आणि थांबली. कारण तिने माझ्याकडे पाहिलं होतं, आणि ती भिंगरीच्या उंचीवर, भिंगरीच्या बाजूला बसली होती. मी तिला सुलटा दिसलो. तिने वहीच्या पानाकडे पाहिलं. पानावरची सगळी तिकिटं, आजोबांच्या हस्ताक्षरातला मथळा, सगळं उलटं. ती उठली, जाऊन आजोबांच्या खुर्चीत बसली. मग परत आली आणि पुन्हा गुडघ्यांवर बसली. दोनदा असं केलं तिने.

"राणी, तू रोज इथेच बसतेस?"

"तूच सांगितलंस ना," भिंगरी म्हणाली. "तिकडे बाटली आहे."

आईने तिच्या हातातून कात्री काढून घेतली आणि तिला पोटाशी धरलं, इतकं घट्ट की भिंगरी म्हणाली, "आई, दुखतंय." आई हसत होती की रडत होती, ते मला उलट्या डोक्याने नीट कळलं नाही.

आजोबा वर आले. त्यांनी मला चिमट्यात धरून खिडकीशी नेलं, भिंग लावलं. चीर पाहिली.

"बाबा, तिला काही बोलू नका," आई म्हणाली. "तिला मीच तिथे बसवलं होतं. ती समोर बसून शिकली, म्हणून तिला सगळं समोरून येतं."

आजोबांनी चिरेवरून पुन्हा एकदा भिंग फिरवलं. त्यांना लागलं होतं, आणि ते लपवायला त्यांना जमत नव्हतं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे तिचा गरुड निराळाच होता होय. आणि मी आपला शाब्बास म्हणतोय." त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. "शिक्का वाचलाय. चीर राहिली तर राहू दे, माझ्या चेहऱ्यावर कुठे सुरकुत्या नाहीत?"

त्याच संध्याकाळी बाटली, ब्लेड आणि चिमटा उंच फळीवर गेले. स्टूल आजोबांच्या शेजारी आलं. आईने बाईंना जाऊन सगळं सांगितलं, बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, थोडा वेळ देऊ या. आई तरीही ठरल्या वेळी डॉक्टरांकडे जाऊन आलीच. तिचा जीव असा एकदम थोडाच भांड्यात पडणार. काही दिवस भिंगरी पुस्तक दोन्हीकडून फिरवून बघायची, आणि मग एक दिवस तिने ते सरळ धरून घडाघडा वाचलं. आता ती पुन्हा घरभर फिरते.

सगळं छान झालं. फक्त माझं एक गेलं. भिंगरी आता आजोबांच्या बाजूला बसते, त्यामुळे तिच्यासाठीही मी वटवाघूळ झालोय. काल तिने माझ्यावर बोट ठेवून हे उलटं म्हटलं, आणि आजोबा म्हणाले, शाब्बास.

मित्रांनो, माझं तुमच्यापाशी एकच मागणं आहे. जुनी वस्तू हातात आली, किंवा तुमच्याहून लहान कोणी काही भलतंच करताना दिसलं, तर सरळ करायला धावू नका. कात्री खाली ठेवा. आधी त्या बाजूला जाऊन, तेवढंच खाली बसून बघा. आमच्यातल्या पुष्कळांना कापून सरळ केलंय लोकांनी, आणि ते आता कुठलेच नाहीत.

दुपारी घर निजलेलं असतं. कधी कधी भिंगरीची आई टेबल पुसायला येते. पुसून झालं की इकडेतिकडे बघते, आणि समोरच्या बाजूला गुडघे टेकून, हनुवटी टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत बसते. तेवढा वेळ आम्हा दोघांचीही चुळबुळ थांबते. मी पंख पसरून, पायांवर उभा असतो.