रविवारी दुकानं बंद असतात

हर्मिनेने नळाखाली ग्लास धरला, काठोकाठ भरला आणि क्रागसाहेबांच्या हातात दिला.

"बाटल्या विकत आणू नका. व्हिएन्नात नळाला थेट डोंगरातलं पाणी येतं."

आलोइसने वर्तमानपत्राचं पान जोरात उलटलं. हे वाक्य त्याचं होतं. मागची खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायला लागल्यापासून नळाचं पाणी, ट्रामचं तिकीट यंत्रात टोचून घेणं, वेटरला किती टिप द्यायची, सगळं तोच सांगे आणि त्याची बायको हर्मिने भांडी विसळत जांभया देई. पण डेन्मार्कहून हा उंच विधुर आल्यापासून तीच सांगत होती. हसतही होती.

"म्हणजे न टोचलेलं तिकीट..." क्रागसाहेब म्हणाले.

"नुसता शोभेचा कागद!" हर्मिनेने वाक्य पुरं केलं.

दोघंही हसले. तो विनोदसुद्धा आलोइसचाच होता.

"बरं, आज शनिवारभर फिरून दमलोय," क्रागसाहेब उठले. "पाव, चीज वगैरे उद्या सकाळी आणीन."

आलोइसने तोंड उघडलं. एवढ्यात हर्मिनेने पाहुण्याच्या बाहीवरचा धागा अलगद उचलला. आलोइसने तोंड मिटलं.

"शांत झोपा," एवढंच तो म्हणाला.

सकाळी क्रागसाहेब कापडी पिशवी घेऊन बाहेर पडले, तेव्हा आलोइस शीळ घालत दाढी करत होता. त्याच खुशीत तो स्वयंपाकघरात आला आणि थबकला. रव्याचे गोळे घातलेलं सूप उकळत होतं. हर्मिनेने कानात लाल खड्यांचे डूल घातले होते. टेबलावर तीन ताटल्या होत्या.

"तिसरी कुणाला?"

"क्रागसाहेबांना. रविवारचं दुकान कुठलं उघडं सापडतंय त्यांना!"

"तू ऐकलं होतंस?"

"ऐकलं की. तू केव्हा सांगतोस याची वाट बघत होते. एरवी पाहुण्याने बॅग खाली ठेवायच्या आत सांगून मोकळा होतोस. काल जीभ कुठे गेली होती?"

आलोइसचे कान लाल झाले.

"तूही गप्पच बसलीस."

"बसले." ती पाठमोरी होऊन सूप ढवळू लागली. "इतक्या वर्षांत तुला माझ्यावरून असं जळताना पहिल्यांदाच बघत होते. ते मोडावंसं वाटेना."

बेल वाजली. हर्मिने जागची हलली नाही.

"तूच उघड. मोठ्या स्टेशनातलं दुकान आजही चालू असतं, हवं तर ते सांग. मी तिसरी ताटली उचलते."

दारात क्रागसाहेब रिकामी पिशवी हलवत उभे होते.

"अहो, सगळं शहर झोपलंय की काय?"

स्टेशन आलोइसच्या अगदी ओठांवर आलं होतं. अर्धवट उघडलेलं दार त्याने क्षणभर तसंच धरून ठेवलं. मग पायाने घरातल्या सपाता पुढे सरकवल्या.

"रविवारी दुकानं बंद असतात. सांगायला हवं होतं मी. या, सूप गार होतंय."

क्रागसाहेब वाकून बूट सोडू लागले.

"आणि आणखी एक," आलोइस हळूच म्हणाला. "हर्मिनेच्या शेजारची खुर्ची माझी असते."