वेताने बांधलेला दांडा

"वळताना आवाज येतो, की सरळ रस्त्यावरही?" उकाबने गाडीखालून विचारलं.

"वळताना," रिनाई म्हणाली. "स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि खालून कुणी हातोडा घातल्यासारखं वाजतं. खाली लावास शहरातल्या एका मेकॅनिकने सांगितलं, पुढचं डिफरन्शियल गेलंय. भंगारवाला उद्या न्यायला तयार आहे. तुम्हीही तेच म्हणालात, काका, तर देऊन टाकते."

उकाब पाना घेऊन आणखी आत सरकला. गाडी रिनाईच्या नवऱ्याची, पादानची. तीन वर्षांपूर्वी तो तापाने गेला. तेव्हापासून रिनाईच ती चालवायची. वरच्या गावातून तांदळाची पोती, आजारी माणसं, लग्नाची डुकरं असं सगळं घेऊन ती चिखलातून खाली यायची. गावात दुसरी गाडी नव्हती.

"आणि चिखलात वाजते का?"

"चिखलात शहाण्यासारखी चालते. या नव्या डांबरावर आली की रुसते. तुमच्या म्हाताऱ्यांसारखंच आहे तिचं, चांगलं दिलं की कुरकुर."

उकाब हसला, पण त्याचा पाना थांबला. पहिल्यांदा संशय आला तो तिथे. डिफरन्शियलमधल्या चक्राचा मोडलेला दात चिखल आणि डांबर असा भेद करत नाही.

तरी त्याने घाई केली नाही. गाड्या दुरुस्त करण्याच्या तीस वर्षांत त्याने एवढं शिकून घेतलं होतं, की उत्तर आवडलं की तपासणी जास्त करायची. त्याने डिफरन्शियलचं खालचं बूच काढलं. बुचाच्या चुंबकावर राखेसारखा मऊ थर होता. दात तुटले असते तर कपच्या बोटाला टोचल्या असत्या. तेल दुधी झालेलं नव्हतं, म्हणजे नदी ओलांडताना पाणीही आत शिरलेलं नव्हतं. बूच परत बसवून त्याने पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं.

चाक जमिनीवरून सुटलं आणि कुणाचा हात लागलेला नसताना झटक्याने पाव फेरा फिरून थांबलं. रिनाई एक पाऊल मागे सरली.

उकाबने चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, फिरवलं. कुठे ढिलाई नव्हती, खरखर नव्हती. मग तो उठून गाडीच्या दाराशी गेला आणि आत वाकून पाहिलं. गिअरच्या शेजारचा लहान दांडा चारी चाकांच्या ओढीत अडकवलेला होता, आणि त्याच्या मुळाशी वेताची घट्ट वीण घातलेली होती. विणीवर पादानचा हात ओळखू येत होता. टोपल्याही तो अशाच विणायचा.

नऊ वर्षांपूर्वी पादान ही गाडी घेऊन याच अंगणात आला होता. तेव्हा इथून वर आणि इथून खाली, सगळा चिखलच. पादान दर वेळी उतरून पुढच्या चाकांची हब, म्हणजे ती चाकं इंजिनाच्या ओढीला जोडणारी मधली कळ, फिरवायला विसरायचा आणि उतारावर रुतायचा. वैतागून उकाबनेच पक्कड लावून दोन्ही हब कायमची जोडून टाकली, दांडा पुढे ढकलला आणि म्हणाला, याला आता हात लावायचा नाही. पादानने ते शब्द देवळातल्या वचनासारखे पाळले. वर बायकोलाही शिकवले.

आता नुसती हब सोडवून 'दुरुस्त केली' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिला कळलं नसतं. उलट त्याच्या हाताचं कौतुकच झालं असतं.

तो हात पुसत येऊन बाकावर बसला. रिनाईने पानात बांधलेला मऊ भात सोडला. दोघांनी डोळे मिटून प्रार्थना केली.

"डिफरन्शियल धड आहे," तो म्हणाला. "चूक माझी आहे, पोरी."

मग त्याने भाताच्या पानावरच बोटाने वळण काढून दाखवलं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चारही एकत्र जोडलेली असली की तो फरक कुठेतरी सुटायला हवा. "इतकी वर्षं ते काम चिखल करत होता. चाक थोडं घसरायचं, पीळ सुटायचा. डांबर घसरू देत नाही. पीळ आतच साचतो. मगाशी चाक आपोआप फिरलं ना, ते त्यानेच. हात लावू नको म्हणून मीच सांगितलं होतं पादानला. रस्ता बदलला, तेव्हा माझं सांगणंही बदलायला हवं होतं."

रिनाईने पानावरचं वळण स्वतःच्या बोटाने परत काढून पाहिलं.

"तो मला सुद्धा त्या दांड्याला हात लावू द्यायचा नाही," ती म्हणाली. "मी एकदा चेष्टेत लावला तर दिवसभर बोलला नाही."

उकाबने सुरी पुढे केली. तिने घेतली नाही. गाडीत बसून तिने वेताचं टोक शोधलं आणि वीण एकेक पदराने उसवत गेली. तोवर उकाबने चाक खाली उतरवून हबवर तेल सोडलं, पक्कड लावून दोन्ही मोकळी केली. त्याने सांगितलं तशी तिने गाडी थोडी मागे घेतली आणि दांडा ओढला. तो हलला. वेत तिने गुंडाळून समोरच्या काचेपाशी ठेवला.

गाडी डांबरावर आवाज न करता वळली.

उकाब फाटकात उभा राहिला. डांबर संपून जिथे चिखल सुरू होत होता ती जागा तिथून दिसायची. गाडी तिथे थांबली. रिनाई उतरली, डाव्या चाकापुढे गुडघ्यावर बसली आणि हब फिरवलं. मग पुढून वळसा घालून उजव्या चाकापाशी बसली.