सानगडी कोरीच राहिली

चंद्रकांताबाईंच्या नऊ वह्या पेन्सिलीने लिहिलेल्या होत्या आणि आता त्या वाचायला उजेडाकडे धराव्या लागत. सानगडीच्या बायकांनी धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, म्हटलेली एकशे बारा गाणी त्यांत होती. साकोलीच्या कॉलेजात मराठी शिकवता शिकवता बाईंनी ती वीस वर्षे गोळा केली आणि त्यांवर प्रबंधही लिहिला. म्हणून भंडाऱ्याला संशोधकांसाठी संगणकावर नकाशे करण्याची पाच दिवसांची कार्यशाळा निघाली, तेव्हा त्यांनी लगेच नाव दिले. शेवटच्या दिवशी ज्या तिघांचे नकाशे पसंत पडतील, त्यांचे साहित्य स्कॅन करून कायमचे जपले जाणार होते. बाकीच्यांना प्रमाणपत्र आणि चहा.

शिकवायला पुण्याहून अमर नावाचा तरुण आला होता. बाईंनी माउस आधी रुमालाने पुसला, तरी तो हसला नाही, एवढ्यावर बाईंचे त्याच्याविषयी चांगले मत झाले. चार दिवस बसून त्यांनी तक्ता भरला. वहीत होते तसेच: गाण्याची पहिली ओळ, तारीख, म्हणणारीचे नाव.

पाचव्या दिवशी सकाळी अमरने बटण दाबले. तक्त्यातली गावे संगणकाने स्वतःच हुडकली आणि जिल्हाभर लाल ठिपके उमटले. अड्याळला सोळा, वरठीला नऊ. दोन तर हद्द ओलांडून, वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात जाऊन बसले. सानगडी कोरी.

"मॅडम, प्रबंधाचं नाव काय तुमच्या?"

"सानगडीची रोवणीगीते."

अमरने नकाशाकडे पाहिले, मग बाईंकडे. "तुम्ही सानगडीला गेला होतात ना?"

मागे बसलेले इतिहासाचे धनीराम सर उगाच खाकरले.

बाईंनी तक्ता पुन्हा वाचला. नावांच्या रकान्यात नावे नव्हतीच. अड्याळवाली, वरठीवाली, पालांदूरवाली. सानगडीत सुनेला माहेरच्या गावावरूनच हाक मारतात. वहीत तेच उतरले होते आणि वीस वर्षांत बाईंना त्यात काही चुकलेले दिसले नव्हते.

"मग सगळीकडे सानगडी टाकू," अमर म्हणाला. "पण एकाच ठिपक्याचा नकाशा होईल. पसंत पडणं कठीण आहे."

बाईंनी सानगडीला, सोळा गाणी देणाऱ्या निर्मलाबाईंच्या घरी फोन लावला. गोमाजींनी उचलला. "अड्याळवाली अंगणात आहे, देतो," म्हणून त्यांनी तो बायकोकडे दिला.

"निर्मलाबाई, तुमची गाणी तुम्ही शिकलात कुठं?"

"मायजवळ, अड्याळले. येथं आली तं सासू म्हणे, तुये गाणे वेगळे आहेत. मी म्हटलं, हात तं तसाच चालते ना."

"आणि बाकीच्यांची?"

"ज्याची त्याची माय. वरठीवालीच्या गाण्यात आगगाडी येते का नाही? सानगडीत कुठं आहे गाडी?"

बाईंनी फोन ठेवला. त्या आगगाडीवर प्रबंधात चार पाने होती. ती विरहाचे प्रतीक असल्याचे त्यांनी सिद्ध केले होते.

"अमर," त्या म्हणाल्या, "ठिपके राहू द्या. प्रत्येकापासून सानगडीपर्यंत एकेक रेघ ओढता येईल?"

आली ओढता. दुपारी परीक्षकांनी तो नकाशा बराच वेळ पाहिला, प्रबंधाचे नाव बदलायला सांगितले आणि तिसरा क्रमांक दिला. बाईंनी वह्या टेबलावर ठेवल्या, मोजून नऊ, आणि बातमी द्यायला पुन्हा फोन लावला.

"म्हंजे सानगडीचं आपलं एकबी गाणं नाही?" गोमाजींचा आवाज पडला होता.

"आपल्या पोरी कुठं आहेत येथं?" मागून निर्मलाबाई म्हणाल्या. "त्यांच्यासंगं गेले गाणे."

 मग गोमाजी म्हणाले, "मॅडम, माया चार बहिणी आहेत. एक लाखनीले, एक पवनीले... लिहून घेता का?"

"थांबा," बाई म्हणाल्या, आणि संगणक बंद करू लागलेल्या अमरचा हात त्यांनी धरला.