बू मतर जवळ असताना

बू मतर, म्हणजे मतरचे वडील, यांच्याकडे बावीस घोडे, सात पांढऱ्या गाड्या आणि एक हॉर्न आहे. हॉर्न तसे सातही गाड्यांना आहेत, पण वाजतो तो बू मतर ज्या गाडीत बसतात तिचाच. लांब पल्ल्याच्या शर्यतीत घोडी वाळूतून धावते आणि मालक कडेकडेने गाडी पळवतो, ही आमच्या आखाताकडची रीतच आहे. कोणी स्वाराच्या हातात पाण्याची बाटली देतं, कोणी मागून कोण येतंय ते ओरडून सांगतं. बू मतर हॉर्न देतात. सरावात देतात, शर्यतीत देतात, आणि घोडी पुढे निघाली की ती हॉर्नमुळेच निघाली असं मजलिशीत, मालकांच्या बैठकीत, सगळ्यांना ऐकवतात.

माझी खुर्ची तपासणीच्या तंबूत, घोड्यांच्या डॉक्टरांच्या उजव्या हाताला. प्रत्येक फेरी संपली की घोड्याला पाणी मारून थंड करायचं आणि आत आणायचं. डॉक्टर काळजाचे मिनिटाचे ठोके मोजतात, मी कार्डावर लिहितो. पंधरा मिनिटांच्या आत चौसष्टवर किंवा त्याखाली आले तर पुढची फेरी. नाही आले तर तेवढ्याच वेळात आणखी एक संधी, आणि तीही हुकली की घोडा बाद. कार्ड समितीकडे जातं. पण मी घरी एक वहीही ठेवतो. तिच्यात ठोक्यांशेजारी घोड्याजवळ कोण उभं होतं तेही लिहितो. याचा उपयोग काय, असं बायको विचारते. मलाही माहीत नव्हतं.

शहलाचं पान बघताना कळलं. शहला ही बू मतर यांची करडी घोडी, तबेल्यातली सर्वांत वेगवान. जानेवारीत बू मतर गुडघा दाखवायला लंडनला गेले होते, तेव्हा ठोके एक्कावन्न. फेब्रुवारीत ते लगामाला धरून उभे होते, तर त्रेसष्ट. ते कॉफी प्यायला गेले, चोपन्न. परत आले, बासष्ट.

मी गंमत म्हणून हे आदमला सांगितलं. आदम तिचा मोतद्दार, सुदानचा, साठीला आलेला. त्याला वाचता येत नाही, म्हणून त्याने आकडे माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. हसला मात्र नाही.

"बू नासर," तो मला म्हणाला, "ही वही कोणाला दाखवू नकोस."

तेव्हापासून शहला तंबूत यायची वेळ झाली की आदम मालकांना सांगायचा, "मजलिशीत बसा ना, बू मतर, कॉफी निवते." आणि बू मतर बसायचे. अशा तऱ्हेने घोडीने तीन शर्यती पूर्ण केल्या. तिसरीनंतर तिच्या पुढच्या डाव्या पायाची, गुडघ्याखालची शीर धरली.

आदमने मालकांना सांगून पाहिलं. मी तिथेच बसलो होतो.

"बू मतर, शीर गरम लागते."

"वाळवंट आहे, आदम. सगळंच गरम लागतं."

"दोन महिने विश्रांती दिली तर—"

"आणि महिन्याभराने निवड-शर्यत आहे, तिथे काय तुला पळवू? तू मोतद्दार आहेस की तिची आई?"

डॉक्टरांना सांगावं, तर मालकाची चारचौघांत शोभा झाली असती आणि आदम त्याच आठवड्यात परतीच्या विमानात बसला असता. डॉक्टरांना आपण होऊन दिसावं, तर बू मतर यांच्या हुकमावरून पायाला तासतासभर बर्फाचे पट्टे बांधले जात. दुडक्या चालीने नेऊन आणलं की घोडी सरळ दिसे. पण निवड-शर्यतीआधी, चारच दिवसांवर, एकशेवीस किलोमीटरची आणखी एक शर्यत होती आणि तिची शेवटची फेरी म्हणजे सगळी मऊ वाळू. तिथे ती शीर तुटणार हे आदमला ठाऊक होतं, आणि तुटल्यावर घोड्याचं काय करतात हे आम्हां दोघांनाही.

त्या शर्यतीच्या दिवशी शहला तिसऱ्या फेरीनंतर चौथी आली. आदमने पाण्याची बादली खाली ठेवली आणि सरळ मजलिशीत गेला. तिथलं बोलणं त्यानेच मला नंतर सांगितलं.

"बू मतर, सगळ्या मालकांचे घोड्यांबरोबर फोटो निघतायत. आपलीच घोडी तेवढी पोरकी उभी असते."

"आजवर तूच तर कॉफी निवते म्हणायचास!"

"चुकलंच माझं."

बू मतर उठले. तंबू साठ पावलांवर होता, म्हणून ते गाडीने आले.

डॉक्टर ग्रासिएला या उरुग्वेच्या, बोलणं कमी. त्यांनी नळी कानाला लावली. बाहेर हॉर्न वाजला, एकदा लांब, मग दोनदा आखूड. शहलाचे कान उभे राहिले.

"बाहत्तर," डॉक्टर म्हणाल्या.

स्वार खलफान, बू मतर यांचा पुतण्या, धावत बाहेर गेला. "काका, हॉर्न कशाला वाजवलात?"

"अरे, तिला कळायला नको मी आलोय ते?"

दुसऱ्या खेपेला बू मतर जातीने आत आले. तिच्या मानेवर थापट्या मारत म्हणाले, "चल माझी बाय, चल, चल!" गाडीतून हेच ओरडायची त्यांना सवय होती.

"एकोणसत्तर. बाद."

मी लिहिलं. बाद झालेल्या घोड्याला नियमाने तीन आठवडे सक्तीची विश्रांती. महिन्यातले तीन आठवडे तरी आदमच्या पदरात पडले.

"या बाईंचं यंत्र बिघडलंय!" बू मतर म्हणाले.

डॉक्टरांनी नळी काढून त्यांच्या हातात दिली. "घ्या. तुम्हीच ऐका."

बावीस घोडे पाळणाऱ्या त्या माणसाने घोड्याचं काळीज कधी ऐकलं नव्हतं. ते वाकून ऐकत राहिले. बराच वेळ. मग हळू आवाजात म्हणाले, "मी आलो म्हणून उडतंय ना हे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी आदमकडे, आदमने बादलीकडे.

"हो, बू मतर," आदम म्हणाला. "तुम्ही आलात म्हणूनच."

त्या दिवशी बाद झालेल्या मालकांमध्ये खूश होऊन घरी गेलेले ते एकटेच. मजलिशीत सांगत होते, जनावराची माया अशी असते, घड्याळाला कळत नाही.

मग त्यांनी एक नवीनच काम अंगावर घेतलं. घोडीचा एवढा जीव आहे तर आपणही जायला हवं, म्हणून रोज सकाळी खिशात खजूर घेऊन ते ठाणावर जाऊ लागले. तिथे गाडी शिरत नाही, त्यामुळे हॉर्नही नाही. पहिले चार दिवस शहला भिंतीला चिकटून उभी राहिली. पाचव्या दिवशी तिने खजूर घेतला. दहाव्या दिवशी बू मतर तिच्या पायाशी बसले, हात फिरवला, आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की सगळा तबेला गोळा झाला.

"आदम! हा पाय गरम आहे! ही शीर बघ! तुम्हां लोकांना डोळे आहेत की नाहीत?"

आदम वाकला. दोन बोटं लावून बराच वेळ चाचपत राहिला.

"खरंच की, बू मतर. तुमचा हात लागला म्हणून कळलं."

निवड-शर्यतीतून शहलाचं नाव मागे घेण्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं होतं: मालकाच्या वेळीच लक्षात आले. मी शिक्का मारला. मग घरी जाऊन वहीत त्या दिवसाची नोंद केली. आदमने सकाळी मनगटी घड्याळ लावून मोजले होते: शहला, ठोके छत्तीस, जवळ बू मतर.