भिंतीच्या आत एकच घार

घार म्हणजे आकाशातला कावळा, असं हणमंतचं स्पष्ट मत होतं. आणि हे मत त्यानं झूलॉजी ऑप्शनल घेऊन, यूपीएससीत दोनदा आपटून, पूर्ण विचारांती बनवलेलं होतं. युरोपात आहे, आफ्रिकेत आहे, आशियाभर आहे, खाली ऑस्ट्रेलियातसुद्धा आहे. दिल्लीत तर इतकी, की मान वर केली आणि घार दिसली नाही तर माणसानं आधी डोळे तपासून घ्यावेत. जगातल्या पक्ष्यांची यादी करणारे लोक तिच्या नावापुढे काय लिहितात? चिंतेचं कारण नाही. बस, विषय संपला.

आणि याच घारीनं त्याला राहायला खोली दिली. खोटं नाही सांगत, ऐका तर.

साल सत्त्याण्णव. गुडगाव तेव्हा गुडगावच होतं. मोहरीच्या शेतात मधूनच आठ मजली बिल्डिंग उगवलेली, तिच्यापर्यंत रस्ता अजून यायचाय, पण पिझ्झावाला आलेला. तिथं एक नीलशिखर एन्क्लेव्ह होतं. तीन टॉवर, चारी बाजूंनी दहा फूट भिंत, एक जनरेटर आणि अध्यक्ष कर्नल हिंमतराव शितोळे, रिटायर्ड, मूळचे फलटणचे. हणमंत दहिवडीचा, म्हणजे शेजारचाच. दर रविवारी तो करोलबागेतून दोन बस बदलून कर्नलकडे जायचा, कारण कर्नलच्या मिसेस, सुनयनाकाकू, बाजरीची भाकरी करायच्या. आणि तिकडे करोलबागेत एका खोलीत सहा पोरं. एक पाठ करतोय, एक घोरतोय, एक घरी पत्र लिहिताना मोठ्यानं वाचतोय. शांतपणे वाचायचं तर संडासात बसावं लागे, आणि तिथंही नंबर! वयाप्रमाणे हा त्याचा शेवटचा चान्स. तो पोरगा अक्षरशः एका रिकाम्या खोलीसाठी तडफडत होता.

तर एका रविवारी काय झालं, समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह चहाला आले आणि मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "कर्नल साहब, हमारे यहाँ तो रोज़ सुबह मोर नाचता है. आपके यहाँ क्या है?"

कर्नलनी दोन लढाया पाहिल्या होत्या, पण असा वार नव्हता पाहिला. उदयसिंह गेल्या गेल्या ते हणमंतकडे वळले.

"तू पक्षी शिकलायस ना? आपल्याकडे काय आहे?"

"बी टॉवरच्या पाण्याच्या टाकीवर घार बसते, सर."

"रेअर आहे?"

"छे हो सर! चार खंडांत आहे. चिंतेचं कारण नाही."

"चिंतेचं कारण नाही?" कर्नल इतके चिंतेत पडले की त्यांचं बिस्किट चहात बुडून गेलं. "हे बघ बेटा, आफ्रिकेत काय आहे ते आफ्रिका बघून घेईल. फौजेत एक शिकवतात, आपली जबाबदारी किती? आपल्या हद्दीपर्यंत. आपल्या भिंतीच्या आत घारी किती?"

"बसायला... एकच."

"एक! अख्ख्या एन्क्लेव्हमध्ये एक! याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात?"

तेवढ्यात काकू आतून बोलल्या, "अहो, टाकीशेजारची ती सिमेंटची खोली रिकामीच आहे. घारीवर नजर ठेवायला कुणी राहिलं तर बरं."

आता सांगा, काय करेल माणूस? पत्र्याचं दार, एक खिडकी, एक बल्ब आणि वर कुणीही नाही. हणमंतनं त्याच दुपारी रिपोर्ट लिहिला: 'नीलशिखर एन्क्लेव्ह हद्दीतील घारीची सद्यःस्थिती व आढळ.' सोबत आढळाचा नकाशा. तीन चौकोन आणि बी टॉवरवर एक लाल ठिपका. सद्यःस्थिती: अतिदुर्मीळ. खाली सही, हणमंत खरात, पक्षी अधिकारी.

आठ दिवसांत गेटवर बोर्ड लागला. 'अतिदुर्मीळ घारीचे निवासस्थान. कृपया हॉर्न वाजवू नये.'

आणि लोक बदललेच हो! बी टॉवरच्या पाचव्या मजल्यावरच्या मीनाक्षी मॅडम, नागपूरच्या, आधी बाल्कनीतून पराठा पळवला म्हणून तीन वेळा तक्रार केलेल्या. त्या आता लिफ्टमध्ये सांगायला लागल्या, "काल परत माझ्याच हातचा नेला. बाकी कुणाकडे जातच नाही ती." हे सी टॉवरला झोंबलं. त्यांनी लेखी विचारलं, की मेंटेनन्स सगळे भरतात, मग घार एकट्या बी टॉवरचेच पराठे का नेते? शेवटी कर्नलनी टाइमटेबल लावलं. सोम-गुरू ए, मंगळ-शुक्र बी, बुध-शनि सी. घारीनं ते पाळलं नाही, पण लोक पाळायचे. आपापल्या वारी ताट घेऊन बाल्कनीत उभे!

खरी पंचाईत डोक्यावरून उडणाऱ्या बाकीच्या घारींची झाली. त्यातली एक फेब्रुवारीत चक्क टाकीवर येऊन बसायला लागली.

"ही कोण?" कर्नलनी विचारलं.

"तिचा मालक, सर. जोडी आहे."

"रेसिडेंट की व्हिजिटर?"

"सर, नवरा-बायको..."

"रिपोर्टात एकच लिहिलीय. व्हिजिटर!"

झालं, गेटवरच्या अशोकला हुकूम सुटला, रजिस्टरात नोंद ठेव. तो बिचारा बिहारचा, प्रामाणिक माणूस. दिवसभर आभाळाकडे बघून लिहायचा. इन टाइम नऊ वीस, आउट टाइम नऊ पंचवीस, किससे मिलना है: बी टॉवर, टंकी. एकदा घाबरत घाबरत हणमंतला म्हणाला, "भैया, बाकी सब तो भर देते हैं, पर साइन किससे लें?"

हणमंतला हसू यायचं आणि आपला रिपोर्टही आठवायचा. पण अभ्यास काय होत होता, वा! इतिहास संपला, पॉलिटी संपली. वाचून मान अवघडली की बाहेर यायचा आणि टाकीच्या लोखंडी अँगलच्या बेचक्यात घार घरटं रचताना बघत बसायचा. काटक्या, वायर, बॅडमिंटनचं फूल, सोसायटीच्या नोटिशीचा अर्धा तुकडा. मार्चमध्ये ती घरट्यात बसली ती उठेचना. त्यानं शिडीवरून डोकावलं. तीन अंडी.

ही बातमी त्यानं फक्त काकूंना सांगितली, ही त्याची चूक. काकूंनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "डोहाळजेवण करायचं!"

"पण काकू," मीनाक्षी मॅडम म्हणाल्या, "अंडी तर घालून झाली. पोट रिकामं. आता डोहाळे कुणाचे?"

"पोर अजून आत आहे ना? कशाच्या आत, ते महत्त्वाचं नाही," काकूंनी निकाल दिला.

आणि झालं ना डोहाळजेवण! गच्चीवर अठरा बायका, पंजाबी, बंगाली, मद्रासी सगळ्या हिरव्या साड्यांत. शिडीला झेंडूच्या माळा. एका वाटीत पेढा आणि एका वाटीत खिमा, मुलगा की मुलगी बघायला. घार वरून एका डोळ्यानं बघतेय. काकूंनी शिडीच्या पायरीवर खण-नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, बाजूला झाल्या, आणि सटकन घार खाली आली, खण उचलला आणि घरट्यात नेऊन अंथरला. काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "घेतली! माझी ओटी घेतली गं तिनं!"

उदयसिंहना मुद्दाम बोलावलं होतं, जळावं म्हणून. ते खिम्याची वाटी संपवता संपवता बोटं मोजायला लागले. "एक ये, मियाँ मिला के दो, और अंडे तीन. पाँच हो गए, कर्नल साहब! हमारा मोर तो आज भी एक ही है. अब रेअर कौन हुआ?"

संध्याकाळी तातडीची मीटिंग. क्लबहाउसात सगळे हजर, हणमंत दाराशी उभा. पाच घारी झाल्या तर बोर्डाचं काय, लेटरहेडवर घार छापलीय तिचं काय, सी टॉवरनं तर पडदेही घारीचे शिवलेत. तासभर कल्ला झाला आणि ठराव झाला, की अंडी हद्दीबाहेर न्यायची.

"भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट आहे," कर्नल म्हणाले. "टोपलीत गवत घालून ठेवून दे."

"सर, मरतील ती. कुत्री आहेत तिथं."

"बेटा, भिंतीपलीकडचं आपल्याकडे नाही. रविवारी सकाळी दहाला अंडी खाली. नाहीतर तू खाली. पक्षी अधिकाऱ्याला घारीचंच काम जमत नसेल तर खोली कशाला?"

प्रीलिम पाच आठवड्यांवर आली होती. हणमंतनं ते चार दिवस पुस्तक उघडलं नाही. करोलबागेत त्याच्या जागी सातारचा पोरगा येऊन झोपायला लागला होता, म्हणजे परत जायचं तर सातवा. अंडी हो, तीन अंडी! दिल्लीत अशी किती हजार असतील. यादीत लिहिलंय ना, चिंतेचं कारण नाही? हे तो स्वतःला पन्नास वेळा म्हणाला.

रविवार आला. डोक्यावर कर्नलच्या स्कूटरचं हेल्मेट, हातात काकूंची भाकरीची दुरडी, आत जुना स्वेटर. गच्चीवर निम्मी सोसायटी, समोरच्या बाल्कनीत उदयसिंह दुर्बीण घेऊन. हणमंत शिडी चढला. चौथ्या पायरीवर पहिली झडप, फाडकन हेल्मेटवर. सातव्या पायरीवर दुसरी, मागून, व्हिजिटरनं मारलेली. खालून मीनाक्षी मॅडम ओरडतायत, "तिला लागलं नाही ना?"

तो वर पोचला, हात पुढे केला आणि थांबला. काकूंच्या खणावर तीन अंडी, आणि त्यातल्या एकाचा टवका उडालेला. त्या भोकातून टाचणीच्या डोक्याएवढी चोच. ठक. थांबते. परत ठक. एवढी धाप लागलीय त्या जिवाला, की अंडं हलतंय.

"हणमंत! रिपोर्ट!" खालून कर्नल.

हणमंतनं हेल्मेट काढलं.

"सर, रिपोर्ट खोटा आहे!"

"काय?"

"घार दुर्मीळ नाही सर! कधीच नव्हती! चार खंडांत आहे, हिच्या बहिणी रोज आपल्या डोक्यावर फिरतायत, तुम्ही वर बघतच नाही! मला खोली पाहिजे होती म्हणून मी भिंतीच्या आतली मोजली. बाहेरची मोजलीच नाही! मी अंडी काढत नाही. खोली सोडतो!"

समोरच्या बाल्कनीतून उदयसिंहचं हसणं स्पष्ट ऐकू आलं, आणि त्या हसण्यानंच सगळं फिरलं. कारण कर्नल लाल झाले आणि एकदम फौजी आवाजात म्हणाले, "जी जागा राखता येत नाही, तिथून लाइन मागे घ्यायची असते! आजपासून नीलशिखरची हद्द आठव्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत. त्याच्या वर आपलं काही नाही. हात वर करा!"

सगळ्यांचे हात वर. चार मिनिटांत ठराव पास. टाकी परदेशात गेली! आता पाच होवोत की पन्नास, नीलशिखरच्या हद्दीत येते ती एकटीच, पराठ्याला. बोर्ड जागच्या जागी.

"आणि तू," कर्नल हणमंतला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर."

हणमंत शिडी उतरून आला. गालावर ओरखडा, हातात रिकामी दुरडी. "कुठली खोली, सर?"

"कुठली म्हणजे? ती, गच्चीवरची!"

"ती स्लॅबच्या वर आहे, सर."

ठराव कर्नलनीच मांडला होता, आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे सोसायटीला ठाऊक होतं. "टेक्निकली..." ते पुटपुटले आणि जिना उतरायला लागले. मधेच वळून एवढंच ओरडले, "वायर मात्र आमच्या हद्दीतून येते! बल्ब बंद!"

बल्ब गेला. मग हणमंत उजाडल्यापासून मावळेपर्यंत वाचायचा आणि अंधार पडला की झोपायचा. शांतता मात्र गेली ती गेलीच. अंड्यातून बाहेर आल्यापासून पिल्लं दिवसभर चिरकायची, अर्थशास्त्राच्या प्रत्येक ओळीला एकदा. तरी त्यानं प्रीलिमला चार दिवस राहिले तेव्हा अर्थशास्त्रही संपवलं.

त्या दिवशी सकाळी काकू धापा टाकत गच्चीवर आल्या. हातात ताट, ताटात निरांजन आणि खणाचा कापलेला तुकडा.

"हणमंता, बारसं राहिलंय. कुंच्या शिवायच्यात. किती शिवू?"

"दोन, काकू. तिसरं फुटलंच नाही."

"दोनच? नक्की? का परत कमी सांगतोस?"

"आईशप्पथ दोनच!"

"तुझ्या मोजण्यावर माझा विश्वास नाही," असं म्हणून काकूंनी पदर खोचला, चपला काढल्या आणि बासष्टाव्या वर्षी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. घारीनं वरून मान वाकडी केली. जिन्याच्या दारातून कर्नलचा आवाज आला, "सुनयना! उतर आधी! ते आपल्या हद्दीत नाही!"

काकू तिसऱ्या पायरीवर होत्या.

"मग ओरडताय कुणावर?" त्या म्हणाल्या आणि चौथीवर चढल्या.